मुंग्या परत परत येऊन राहिल्या? रांग पुसायच्या आधी हे करून बघा

आमचं घर नागपुरात मानेवाड्याकडे, ग्राउंड फ्लोअर, मागे थोडं अंगण. वर्षातून दोनदा ठरलेलं असतं, एकदा एप्रिल-मेच्या उन्हात आणि एकदा जूनमध्ये पाऊस लागल्याबरोबर, सकाळी उठून बघावं तर ओट्यावर रांग. आईकडे महालात तेच, नणंदेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तेच, आणि तिन्हीकडे बोलावणं मलाच येतं कारण एकदा मी जमवून दाखवलं होतं. सगळ्यांचं एकच म्हणणं, "औषध मारलं होतं नं, आठ दिवस बरं होतं, मग परत आल्या." हे सगळं त्या "परत आल्या"वाल्यांसाठी आहे. एखाद्या दिवशी गुळाच्या डब्यापाशी दहा मुंग्या दिसल्या असतील तर फडकं मारा आणि विसरून जा.

लक्षणं आधी

सगळ्या मुंग्यांवर एकच इलाज चालत नाही, माझे पहिले दोन-तीन प्रयत्न इथेच फसले. म्हणून आधी दोन मिनिटं नीट बघा, मोबाइलवर झूम करून फोटो काढला तर अजून चांगलं.

एकदम बारीक, २ मिमीच्या आसपास, पिवळसर-तपकिरी, आणि स्विचबोर्डमधून, फ्रिजच्या मागून, मिक्सरच्या वायरवरून येऊन राहिल्या असतील, साखरेइतकंच तूप-तेल-अंड्याकडेही जात असतील, आणि स्प्रे मारल्यावर एकाच्या जागी तीन ठिकाणी निघत असतील तर ती फेरो मुंगी असण्याची शक्यता मोठी. सगळ्यात चिवट हीच.

त्याहूनही बारीक, डोकं काळपट आणि मागचा भाग इतका फिकट की पांढऱ्या टाइलवर नुसते ठिपके पळल्यासारखे दिसतात, सिंक, बेसिन, बाथरूम अशा ओलीच्या जागी. बोटाने चिरडली तर खवट खोबऱ्यासारखा वास येतो. (हो, मी वास घेऊन बघितलाय.)

काळी, लांब पायांची, जी रांगेत सरळ न जाता पिसाटल्यासारखी वेडीवाकडी पळते, ती बहुतेक वेळा बाहेरच्या कुंडीतून किंवा फरशीखालून आलेली असते.

मोठे काळे मुंगळे, हे तर सगळ्यांना माहीत. घरात भटकतात पण घर यांचं बाहेर असतं, झाडाच्या बुडाशी जमिनीत.

लाल-तपकिरी, चावल्यावर आग होते, आणि फरशीच्या सांध्यातून बारीक मातीचे ढीग वर येतात. लेकरं अनवाणी फिरत असतील तर यांना आधी धरा.

आणि शेवटचं, पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे. इथे थांबून बघायचं. मुंगीची कंबर बारीक असते, मिशा कोपरातून वाकलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. कंबर नसेल, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या, चारही पंख सारख्या लांबीचे आणि सकाळी खिडकीत नुसत्या पंखांचा ढीग पडलेला असेल तर ती वाळवी आहे, भाऊ, खालचं काहीही करू नका, सरळ शेवटच्या भागावर जा.

हे एवढं समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं आहे

ओट्यावर ज्या दिसतात त्या घराबाहेर कामाला निघालेल्या म्हाताऱ्या कामकरी मुंग्या, सगळ्या माद्या. तरण्या मुंग्या आत राणीपाशी आणि पिल्लांपाशी असतात, बाहेरचं जोखमीचं काम म्हातारपणीच वाट्याला येतं. म्हणजे तुम्ही रांगेवर हिट मारून दोनशे मुंग्या मारल्या तरी वारुळाचं फारसं काही बिघडत नाही, राणी अंडी घालतच राहते. एका जातीची राणी प्रयोगशाळेत जवळपास २९ वर्षं जगल्याची नोंद आहे, तेव्हा तुम्ही घर बदलाल पण ती नाही.

दुसरं म्हणजे वास. जिला खाणं सापडलं ती परतताना पोट टेकवत वासाची रेघ ओढत जाते, मागची तिच्यावरून येते आणि तीच रेघ पक्की करते. म्हणून पोळीचा तुकडा उचलला तरी रांग तिथेच घुटमळत असते. खाणं संपलं की रेघ ओढणं थांबतं आणि वास हळूहळू उडून जातो.

तिसरं, आणि सगळ्यात कामाचं. पूर्ण वाढलेल्या मुंगीला घन खाणं गिळता येत नाही, ती फक्त पातळ पिते. तिच्या पोटात एक वेगळी पिशवी असते, त्यात भरून नेते आणि आत जाऊन बाकीच्यांना तोंडाने तोंडात देते. घन खाणं पचवतात त्या अळ्या, आणि त्या परत मोठ्यांना पातळ करून देतात. म्हणजे तुम्ही जे पाजाल ते राणीपर्यंत पोचतं, फक्त वाटेतच मुंगी मरायला नको. माझा सगळा इलाज या एका गोष्टीवर उभा आहे, रांग ही तुमची दुश्मन नाही, तुमचा डाकवाला आहे.

१. काही न करता पंधरा मिनिटं बसा (फुकट)

रात्री लाइट बंद करून टॉर्च घेऊन रांगेच्या उलट दिशेने जा. खाण्याकडे नाही, येतात तिकडे. बहुतेक लोकं रांग दिसली की आधी फडकं मारतात आणि मग विचारतात कुठून येतात, आता कसं सांगणार. आईकडे दोन वर्षं आम्ही गॅसखालची फट बुजवत बसलो होतो आणि शेवटी निघाली कुठून तर देवघराच्या वर जी टीव्ही केबलची वायर भिंतीतून आत येते तिथून, तिथून पाटाखालून पूर्ण भिंत फिरून ओट्यावर. जिथे दिसतात तिथे रोग नसतो.

आत शिरायची जागा सापडली की पेन्सिलीने खूण करा. बास. बुजवू नका अजून.

त्याच वेळी एका झाकणात साखरेचं पाणी आणि दुसऱ्यात फल्लीदाण्याचं (शेंगदाण्याचं) कूट थोडं तेल घालून ठेवा, तासाभराने कुठे गर्दी आहे बघा. वारुळाची भूक बदलत राहते, आत अळ्या जास्त असल्या की प्रोटीन-तेल हवं असतं, नाहीतर गोड. हे न बघता औषध ठेवलं की लोकं म्हणतात, आमच्याकडच्या मुंग्या खातच नाहीत.

२. खाणं आणि वास (एक फडकं, थोडं साबणाचं पाणी)

हे सगळ्यांना माहीत आहे म्हणून पटकन सांगते. ओट्याच्या कडेची पट्टी, गॅसच्या खाली, मिक्सरच्या बुडाखाली, कचऱ्याच्या डब्याचा बाहेरचा तळ, आणि तेलाच्या बरणीचं बूड जे कोणीच पुसत नाही. साबणाच्या पाण्याने पुसा, नुसत्या ओल्या फडक्याने रेघ पूर्ण जात नाही. पण लक्षात ठेवा, जिथे पुढे औषध ठेवायचं आहे ती रांग शाबूत ठेवायची, बाकीच्या पुसायच्या.

दिवाळीत किंवा संत्रा बर्फीचा डबा घरी आला की परातीत पाणी घालून मध्ये डबा ठेवायची जुनी पद्धत एकदम बरोबर आहे, फक्त पाण्यावर धूळ जमली की मुंग्या त्यावरून चालत जातात, म्हणून दोन थेंब भांड्याचा साबण टाका आणि रोज बदला.

हळद, कापूर, हिंग, दालचिनी, लिंबाची सालं याबद्दल दहा जण दहा गोष्टी सांगतील. याने रांग वळते, संपत नाही. पाहुणे येऊन राहिले आणि एक संध्याकाळ काढायची असेल तर टाका हळद.

३. पाणी, म्हणजे आपल्याकडे कूलर

हे नागपूरवाल्यांसाठी खास. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की मुंग्यांना साखरेपेक्षा पाण्याची पडलेली असते, आणि आपण काय करतो, खिडकीला कूलर लावतो, टाकी टपटप गळते, खालची भिंत चार महिने ओली. खिडकीच्या चौकटीत आणि कूलरमध्ये जी फट राहते ती आपण थर्माकोल किंवा जुन्या कापडाने बुजवतो, मुंग्यांना याहून चांगली जागा नाही, थंड, ओली, अंधारी. नणंदेच्या तिसऱ्या मजल्यावर मुंग्या येतातच कशा हा प्रश्न दोन उन्हाळे होता, थर्माकोल ओढलं तर आत पांढऱ्या दाण्यांचा ढीग. (त्या पांढऱ्या दाण्यांना आपण अंडी म्हणतो, ती बहुतेक करून अळ्या आणि कोश असतात, अंडी फार बारीक असतात.)

तर कूलरची टाकी कुठे गळते बघा, फ्लोट व्हॉल्व्ह बघा, चौकटीतलं भरण काढून वाळवून परत लावा. माठाखालची थाळी, फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, सिंकखालचा पाइप, एवढं बघितलं की झालं. सिंकखालचं गळणं वायसर बदलून थांबत असेल तर याहून स्वस्त मुंग्यांचं औषध नाही.

४. झाडं आणि सासूबाईंचं पीठ

भिंतीला टेकलेली फांदी, खिडकीतून आत आलेला वेल, गच्चीवरून आलेली इंटरनेटची वायर, हे सगळे पूल. फांदी हातभर मागे छाटा. पण आमच्याकडे खरा घोळ होता गोडलिंबात (कढीपत्त्यात) आणि जास्वंदात. पानाखाली पांढरा कापूस दिसतो नं, तो पिठ्या ढेकूण, आणि कोवळ्या शेंड्यावर मावा. हे किडे झाडाचा रस पिऊन गोड चिकट पाणी सोडतात, मुंग्या ते पितात आणि बदल्यात त्यांची राखण करतात, त्यांना खायला आलेल्या किड्यांना हाकलतात. अक्षरशः गाई पाळल्यासारखं. खिडकीखाली असा गोठा असला तर घरात कितीही औषध ठेवा, रांग परत येणार. साबणाच्या पाण्याचा फवारा मारून, कापूस ब्रशने काढून झाड आधी स्वच्छ करा.

दुसरा घोळ जरा नाजूक. सासूबाई तुळशीपाशी मुंग्यांना कणिक आणि साखर घालतात, पुण्याचं काम आहे, मी ते बंद करायला सांगणार नव्हते आणि सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं. पण तुळस होती किचनच्या भिंतीला लागून. आता पीठ अंगणाच्या पार टोकाला, कंपाउंडपाशी पडतं, त्याही खूश, मुंग्याही खूश. बाहेरच्या मुंग्यांना उगीच मारायचंही नसतं खरं तर, वाळवीला खाणाऱ्यांत त्यांचा नंबर वरचा.

काळ्या मुंग्या घरात आल्या म्हणजे लक्ष्मी येणार असंही सासूबाई म्हणतात. आमच्याकडे आतापर्यंत फक्त पेस्ट कंट्रोलवाला आला.

५. पाजायचं औषध (पन्नास-शंभर रुपयांच्या आत)

इथे वेळ घेते कारण लोकं इथेच घाई करतात.

मेडिकलमधून बोरिक पावडर आणा. कॅरम बोर्डवर टाकतात तीच, पण कॅरमची म्हणून मिळणारी सगळीच पावडर आजकाल बोरिक नसते, पाकिटावर बोरिक ॲसिड लिहिलेलं बघूनच घ्या. नाही मिळालं तर किराणा किंवा काष्ठौषधीच्या दुकानात टाकणखार मिळतो, सवागी पण म्हणतात, तो चालतो, थोडा जास्त लागतो.

गोडावर येणाऱ्यांसाठी: अर्धा कप, म्हणजे १०० मिली कोमट पाणी, त्यात चार-पाच छोटे चमचे साखर आणि सपाट पाव चमचा बोरिक, म्हणजे साधारण १ ग्रॅम. पूर्ण विरघळवा. कापसाचा बोळा भिजवून बाटलीच्या झाकणात ठेवा, रांगेच्या अगदी बाजूला, रांगेवर नाही. तेलावर येणाऱ्यांसाठी चमचाभर फल्लीकुटात दोन थेंब तेल आणि चिमूटभर बोरिक, पण याचा परिणाम जरा सावकाश होतो.

पाव चमच्यावर थांबायचं. "जास्त टाकलं तर लवकर मरतील" हे आमच्या घरातल्या इंजिनिअरचं मत होतं, त्याने दोन चमचे टाकले, मुंग्या झाकणाला वळसा घालून निघून गेल्या, ज्या प्यायल्या त्या तिथेच मेल्या. आपल्याला तिथे मेलेली मुंगी नको आहे, घरी जाऊन चार जणींना पाजणारी पाहिजे.

पहिल्या दिवशी मुंग्या वाढतात. खूप वाढतात, झाकण काळं होतं, घरातले सगळे तुमच्याकडे बघायला लागतात. हात लावायचा नाही, पुसायचं नाही, स्प्रे तर अजिबात नाही. दोन-तीन दिवसांत गर्दी ओसरायला लागते. बोळा वाळला की नवीन भिजवून ठेवा, रोज नाहीतर एक दिवसाआड, आणि मुंग्या दिसेनाशा झाल्यावरही आठवडाभर ठेवा कारण कोशातून नव्या निघत राहतात. फेरो मुंगीला तीन-चार आठवडेही लागतात कारण एका घरट्यात पुष्कळ राण्या असतात.

आणि फेरो मुंगीवर स्प्रे का नाही ते सांगून टाकते. तिला धोका वाटला की घरट्याचे तुकडे होतात, काही राण्या, काही कामकरी, काही पिल्लं उचलून वेगळ्या भिंतीत नवं बिऱ्हाड. नणंदेकडे मी स्वतःच हे करून ठेवलं, किचनमध्ये स्प्रे मारला, पंधरा दिवसांनी बेडरूम, बाथरूम आणि फ्रिज अशी तीन बिऱ्हाडं. मुंग्यांचा खडू ओढला तरी तिच्या बाबतीत हाच धोका.

बोरिक लेकराच्या पोटात जाणं चांगलं नाही, म्हणून झाकण फ्रिजच्या मागे, ओट्याच्या कोपऱ्यात, हात पोचणार नाही तिथे, कुत्रा-मांजर असेल तर छिद्रं पाडलेल्या डब्यात. उरलेल्या बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि ती साखरपाण्यासारखीच दिसते म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नका, बाप्पा. चुकून कोणी प्यायलं तर पाकीट घेऊन दवाखान्यात.

६. फटी बुजवणं (दोनशे-पाचशे आणि एक रविवार)

हे औषधाच्या नंतर, आधी नाही. आत घरटं जिवंत असताना तोंड बंद केलं की मुंग्या दुसरीकडून निघतात. रांग आठवडाभर बंद राहिली की मग पेन्सिलीच्या खुणा काढा, टाइलच्या सांध्यात ग्राउट किंवा व्हाइट सिमेंट, सिंक आणि खिडकीच्या कडेला सिलिकॉन, वायरच्या भोकांना पुट्टी.

ग्राउंड फ्लोअरवाल्यांची एक जास्तीची डोकेदुखी. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्याच्याबरोबर अंगणाची फरशी आणि जोतं यांच्यातला सांधा दर वर्षी उघडतो. तिथे सिमेंट भरलं की पुढच्या मेमध्ये परत चीर. मी तीन वर्षं सिमेंट भरलं, मग एका मिस्त्रीने सांगितलं की ताई, इथे कडक काही टिकत नाही, लवचीक सीलंट भरा. तेव्हापासून बरं आहे, तरी दर वर्षी मेच्या शेवटी, पावसाच्या आधी, एकदा वाकून बघते, कारण वारुळात पाणी शिरलं की सगळं बिऱ्हाड पिल्लांसकट कोरड्या जागी निघतं आणि सगळ्यात जवळची कोरडी जागा म्हणजे आपलं किचन.

बिळात रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नका. उकळतं पाणी लाल मुंग्यांच्या अंगणातल्या वारुळावर थोडंफार चालतं, पण राणी खोल असली तर वाचते, आणि ते जोत्यालगत रोज ओतून माती भिजवण्यात काही शहाणपण नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

वाळवी निघाली तर लगेच. तिला जमिनीत ड्रिल मारून औषध द्यावं लागतं, घरगुती काही चालत नाही.

स्विचबोर्ड, मीटर किंवा एसीच्या आत मुंग्या असतील तर आधी इलेक्ट्रिशियन. शॉक लागून मेलेली मुंगी वास सोडते, बाकीच्या तिथेच धावतात आणि कॉन्टॅक्टमध्ये मेलेल्या मुंग्यांचा थर बसतो. बोर्डात स्प्रे मारायचा नाही, तो पेट घेऊ शकतो.

लाल मुंगी चावून तोंड सुजलं, अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर मुंग्या राहू द्या, हॉस्पिटल गाठा.

घरात तान्हं बाळ किंवा अंथरुणावरचा पेशंट असेल आणि बारीक पिवळ्या मुंग्या पलंगापर्यंत येत असतील तर प्रयोग करत बसू नका. तसंच फ्लॅटमध्ये वरच्या-खालच्या घरातही त्याच मुंग्या असतील तर एकट्याने पाजून उपयोग नाही, सोसायटीने एकदम करायचं. आणि औषध नीट ठेवून चार-पाच आठवडे झाले, रांग तशीच, तर तुमचं काम संपलं.

पेस्ट कंट्रोलवाल्याला दारातच दोन गोष्टी विचारा, मुंगी कोणती आहे आणि तुम्ही जेल-बेट (खाऊ घालायचं औषध) ठेवणार की फवारणार. आमच्याकडे एक जण आला होता, मुंगी न बघताच पंप भरायला लागला, सासूबाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवला. दुसऱ्याने आधी टॉर्च काढला आणि फ्रिज सरकवायला लावला, त्याला काम दिलं.